निरीक्षण मान्य

ठमीचं पहिलं निरीक्षणपत्र वाचायला तिच्या आईला अख्खा रविवार लागला, आणि तरी तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

शाळा म्हणायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ‘बालविकास केंद्र’ म्हणायचं. वर्गाला ‘अवकाश’ म्हणायचं आणि बाईंना ‘सुलभक ताई’. मुलं तिथे खेळत नसत, ‘स्वयंप्रेरित अन्वेषण’ करत. एखादं पोर भोकाड पसरून बसलं, तर त्याचं ‘स्व-नियमन’ चालू आहे असं समजायचं आणि त्याला एकटं सोडायचं. ठमी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली सकाळी चपला घालून तयार असायची.

ठमीची आई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. पांढऱ्या दिव्यांच्या पडद्यापुढून पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मिनिटाला साठ. बुडबुडा दिसला, तडा दिसला, तोंड वाकडं दिसलं की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची. पिंपावर मोठ्या अक्षरांत ‘बाद’ लिहिलेलं. तिथे कुणी ‘ही बाटली स्वतःच्या गतीने अखंड होत आहे’ असं लिहिलं असतं, तर मुकादमाने त्याला त्याच पिंपात घातलं असतं. अकरा वर्षं ती असल्या रोखठोक शब्दांत काम करत होती. केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि याचा तिला अभिमान होता. पुढे जे झालं त्यात हा अभिमानच तिला सगळ्यात जास्त टोचला.

पहिल्या पालकसभेत तिने सरळ विचारलं होतं, ‘‘पण ताई, पोरं दिवसभरात शिकतात काय?’’

खोलीतले सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. एक बाप गालातल्या गालात हसला. संचालिकाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘‘आपण ‘शिकणं’ हा शब्द जरा बाजूला ठेवूया, हं?’’ त्या ‘हं’ने तिचा असा पाणउतारा झाला की घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. दहावीनंतर शिक्षण सुटलेलं. तेवढी एक जागा तिची कायम हुळहुळती होती, आणि नेमकं तिथेच बोट लागलं.

मग तिने चंगच बांधला. केंद्राची पालक-मार्गदर्शिका डब्याच्या पिशवीत घालून ती कारखान्यात न्यायला लागली. चहाच्या सुट्टीत वाचायची, बसमध्ये वाचायची. ‘सूक्ष्म कारक कौशल्य’ म्हणजे शर्टाची बटणं लावणं. ‘स्थूल कारक’ म्हणजे उड्या मारणं. ‘ग्रहणात्मक भाषा’ म्हणजे दुसऱ्याचं बोलणं समजणं, एवढ्यासाठी केवढा थाट! पण हळूहळू शब्द तोंडात बसले. सहा महिन्यांत ती अशी बोलायला लागली की सभेतला तो हसणारा बापच तिला बाजूला घेऊन ‘समांतर खेळ’ म्हणजे काय ते विचारू लागला. ठमीचा बाबा सामानाची गाडी चालवायचा. जेवताना तो म्हणायचा, ‘‘अगं, तू बोलतेस की बातम्या देतेस?’’ पण त्यालाही मनातून बरंच वाटायचं. घरात कुणीतरी शिकलेलं बोलत होतं.

घरात चौथं माणूस म्हणजे ठमीची आजी, तिच्या बाबाची आई. आजीने तीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेली. मागांच्या खडखडाटात शेजारणीचा आवाजही ऐकू यायचा नाही, म्हणून तिथल्या बायका खांद्यावर हात ठेवून आधी तोंड आपल्याकडे वळवायच्या, मग ओठ मोठे मोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या. त्या बोलण्यात संसार व्हायचे आणि मोडायचेही. निवृत्त होईतो आजीचे कान जवळजवळ गेलेच होते. त्यामुळे या घराची रीतच पडून गेली होती. कुणी कुणाला दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. जायचं, खांद्याला हात लावायचा, समोर उभं राहून बोलायचं. जेवायला चल म्हणायचं तरी हात तोंडाकडे न्यायचा. ठमी या घरात जन्मली, याच रीतीत वाढली, आणि घरात तिचं कधी काही अडलं नाही. सांगितलेलं सगळं ती करायची. कुणाला शंका यायला जागाच नव्हती.

निरीक्षणपत्रं दर तीन महिन्यांनी यायची. जाड कागद, कोपऱ्यात हिरवं पान छापलेलं. ‘सूक्ष्म कारक: रुजले आहे.’ ‘सामाजिक सहभाग: बहरत आहे.’ ‘ग्रहणात्मक भाषा: उमलत आहे.’ ठमीच्या आईने आपल्या परीने हिशेब लावला. आधी रुजतं, मग उमलतं, मग बहरतं, हे कुंडीत झाड लावलेल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणजे बटणं लावण्यात पोरगी जरा मागे आहे, बाकी सगळं छान चाललंय. तिने ठमीला आठवडाभर बटणं लावायला बसवलं. ठमीने बाबाच्या सगळ्या शर्टांची बटणं लावून दाखवली आणि वर उशीच्या खोळीचीही लावली. मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत उलटा क्रम दिला होता. उमलणं म्हणजे नुसती सुरुवात, रुजणं म्हणजे पक्कं झालं. ते पान तिने वाचलं नव्हतं. मागच्या पानावर संदर्भसूची असते एवढं तिला कळायला लागलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

खाली दोन ओळी ताईंच्या हस्ताक्षरात असायच्या. ‘स्वतंत्र खेळात सखोल रमते. सूचनांना स्वतःच्या वेळेत प्रतिसाद देते.’ पुढच्या खेपेला: ‘स्वतःची अशी भाषा घडवते. समूहगीतात निरीक्षकाची भूमिका पसंत करते.’ ठमीची आई हे वाचून दाखवायची तेव्हा तिचा ऊर भरून यायचा. सखोल रमते! चार वर्षांच्या पोरीबद्दल कुणी असं लिहितं? तिच्या स्वतःबद्दल उभ्या शाळेत कुणी ‘बडबडी’ याखेरीज काही लिहिलं नव्हतं. सगळ्यात खाली ‘पालकांना निरीक्षण मान्य’ असं छापलेलं होतं, आणि त्यापुढे वळणदार सही करून ती पत्र केंद्रात परत द्यायची.

एके संध्याकाळी आजी भाजी निवडत होती आणि ठमी तिच्यासमोर फतकल मारून बसली होती. आजीने मान खाली घातली आणि तशीच बोलत राहिली. ठमीही वाकली. आजीने तोंड पदराआड केलं. ठमीने पदर ओढला. आजीने मुद्दाम तीनदा तसं केलं. मग हातातली भाजी खाली ठेवून तिने सुनेला खूण करून बोलावलं.

‘‘पोरीला ऐकू येत नाहीये,’’ आजी म्हणाली.

‘‘काहीतरीच काय, आई!’’

‘‘ती माझ्यासारखी तोंडाकडे बघते. मी बघितलंय ते. आमच्या खात्यात नवी पोरगी यायची, सहा महिन्यांत तिची नजर अशी ओठांवर यायची. आपली ठमी कधी मागावर गेली होती गं? कानाच्या डॉक्टरला दाखव.’’

ठमीच्या आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, सकाळीच नवं निरीक्षणपत्र आलेलं, आणि ही म्हातारी तिच्या पोरीत खोट काढत होती. तिने कपाटातून पत्र आणलं आणि सासूसमोर धरून, ओठ मोठे हलवून, एकेक शब्द तोडून वाचलं. ‘‘सूचनांना. स्वतःच्या वेळेत. प्रतिसाद देते. म्हणजे ती स्वतंत्र बुद्धीची आहे. तिचा पिंडच तसा आहे. हे शिकलेल्या लोकांनी लिहिलंय, आई.’’

‘‘शिकलेल्यांना मी काही म्हणत नाही. मी पोरीचं सांगतेय.’’

‘‘तुमचे कान गेले म्हणून सगळं जग बहिरं झालं नाही!’’

हे तिने इतकं स्पष्ट, इतकं समोर उभं राहून म्हटलं की आजीकडून एकही अक्षर सुटलं नाही. आजीने भाजीची टोपली उचलली आणि आत गेली. त्यानंतर त्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. आजी तोंडात मूग धरून बसली. ठमीच्या आईला वाटलं, जिंकले. बाबाने एकदा विचारलं, ‘‘आई काय म्हणत होती?’’ तर ती म्हणाली, ‘‘काही नाही, वयोमानाने होतं असं.’’

चौदा महिने गेले. ठमी पाच वर्षांची होत आली. तिचं बोलणं घरच्यांना कळायचं, बाहेरच्यांना नाही. शब्दांची शेपटं ती खाऊन टाकायची. ‘बस’ म्हणताना ‘ब’ म्हणून थांबायची. पण पत्रात ‘स्वतःची अशी भाषा घडवते’ असं होतं, आणि घडत असलेल्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही, हे मार्गदर्शिकेत ठळक छापलेलं होतं.

मग केंद्राने ‘पालक सहभाग दिवस’ ठेवला. पालकांनी भिंतीला टेकून बसायचं, मुलांमध्ये पडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. ठमीच्या आईने रजा टाकली, इस्त्रीचे कपडे घातले. अवकाशात कमी उंचीची मांडणी होती, लाकडी ठोकळे होते, खिडकीत रोपं होती. ठमी पाठमोरी बसून ठोकळ्यांचा पूल करत होती. ताई गोष्टीचं पुस्तक तोंडासमोर धरून वाचत होत्या. मुलं खिदळली. ठमीने मान वर करून मुलांची तोंडं बघितली, आणि तीही हसली, जरा उशिरा.

तेव्हाही आईला काही वाटलं नाही. मग ताईंनी आवरण्याची घंटी वाजवली. लहानशी, किणकिणणारी. सगळी मुलं उठली. ठमी पूल करत राहिली. ताईंनी पुन्हा वाजवली. शेजारचा मुलगा ठोकळे उचलायला लागला, त्याचे हात ठमीला दिसले, आणि मग ती दचकून उठली, चारी बाजूंना भराभरा बघितलं, बाकीचे काय करतायत ते पाहिलं आणि तसंच करायला लागली.

ते दचकून चारी बाजूंना बघणं ठमीच्या आईच्या ओळखीचं होतं. कारखान्यात कानात रबरी बोळे घालून उभं राहावं लागे. सुट्टीचा भोंगा झाला तरी कळायचं नाही. शेजारीण हात पुसायला लागली की दचकून बघायचं, सगळ्या निघाल्या का ते पाहायचं, मग आपणही निघायचं. अकरा वर्षं, दिवसातून तीनदा, ती स्वतः हेच करत आली होती. फरक एवढाच की संध्याकाळी ती बोळे काढून ठेवायची.

तिच्या शेजारी बसलेल्या संचालिकाबाई कुजबुजल्या, ‘‘बघा, किती सखोल रमते!’’

बोलायचं नाही हा नियम ठमीच्या आईने तासभर पाळला, आणि मुलं हात धुवायला गेल्यावर ताईंना मांडणीच्या आड गाठलं.

‘‘ताई, तिला ऐकू येत नाही.’’

ताई चोवीस-पंचवीसच्या. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘हो ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे, मला तसं वाटतं पहिल्यापासून.’’

‘‘पहिल्यापासून?’’

‘‘मी लिहिलं होतं की. प्रत्येक वेळी लिहिलं.’’

‘‘काय लिहिलं होतं? रमते लिहिलं होतं तुम्ही! प्रतिसाद देते लिहिलं होतं!’’

ताईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘आम्हाला ‘नाही’ लिहायची परवानगी नाही. यादी दिलेली असते. हाकेला ओ देत नसेल तर ‘स्वतःच्या वेळेत प्रतिसाद’ लिहायचं. बोलणं कळत नसेल तर ‘स्वतःची भाषा घडवते’. गाण्यात गप्प बसली तर ‘निरीक्षकाची भूमिका’. पालक दुखावले जातात म्हणून. नंतर भेटीत तोंडी समजावून सांगायचं असतं.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंत?’’

ताई म्हणाल्या, ‘‘मी सांगायला आले होते. मागच्या वर्षी, भेटीच्या दिवशी. मी सुरुवात केली, आणि तुम्हीच म्हणालात, ‘हो ताई, स्वतःच्या वेळेत प्रतिसाद देते, ग्रहणात्मक भाषा उमलतेय, आम्ही घरी स्वीकारलंय, आम्हाला तिला कुठल्या साच्यात कोंबायचं नाही.’ इतकं नीट बोललात की... मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. डॉक्टरकडे जाऊन आलात आणि आता त्यावर बोलायचं नाहीये. बाकीच्या पालकांना मी अर्थ फोडून सांगते. तुम्हाला सांगायची गरज वाटली नाही.’’

ठमीच्या आईला ते वाक्य आठवलं. तिने ते बसमध्ये पाठ केलं होतं.

संचालिकाबाईंच्या खोलीत ती मोठ्याने बोलली. बाई शांत होत्या. त्यांनी फाइल उघडली, सहा पत्रं टेबलावर ओळीने लावली आणि प्रत्येकाच्या तळाशी बोट ठेवलं. सहा वेळा ‘निरीक्षण मान्य’, सहा वळणदार सह्या. ‘‘केंद्राने वेळोवेळी कळवलेलं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या भावना मी समजू शकते. आपण याकडे एक संधी म्हणून बघूया, हं?’’

तिच्या मनात आलं की त्या सहाही कागदांचे बोळे करून बाईंच्या तोंडात कोंबावेत. तिने फक्त कागद उचलले. ते द्यायला बाई तयार नव्हत्या, पण तिच्या हातातून काढून घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

पुढचे तीन आठवडे तपासण्यांत गेले. शेवटच्या दिवशी गाडी सोडून येणं ठमीच्या बाबाला जमलं नाही, म्हणून सोबत आजी आली. काचेच्या खोलीत ठमी कानांवर मोठे हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की टोपलीत मणी टाकायचा. बराच वेळ टोपली रिकामीच राहिली. ठमी मणी हातात धरून काचेपलीकडच्या आजीच्या तोंडाकडे बघत होती, आजीच्या ओठांवरून तरी काही समजतंय का ते शोधत होती.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, घाईत होत्या. त्यांनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. ‘‘जाड आवाज थोडे येतात. बारीक आवाज येत नाहीत. दोन्ही कान. बहुतेक दोन वर्षांची असल्यापासून कमी होत गेलंय. यंत्रं लावू, उपयोग होईल.’’

‘‘ती नीट बोलेल?’’

‘‘बोलेल. किती नीट ते सांगता येत नाही. भाषा पकडायचं वय हेच असतं, त्यातलं बरंच हातचं गेलं. वर्षभर आधी आणली असती तर मी वेगळं बोलले असते.’’

दोन वर्षांत तिच्या पोरीबद्दल पहिल्यांदाच शिकलेल्यांपैकी कुणीतरी तिला कळेल असं बोललं होतं. ते ऐकून तिला डॉक्टरीणबाईंचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी तिथून उठून पळूनही जावंसं वाटलं.

वाचा-उपचारासाठी बाहेर एक फॉर्म भरायचा होता. बाकावर ती, आजी, आणि दोघींच्या मध्ये ठमी. नाव, वय, पत्ता तिने भराभर लिहिलं. नवव्या प्रश्नाशी पेन थांबलं. ‘ऐकण्यातील अडचण सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आली? केव्हा?’ तिने लिहिलं, ‘आजीच्या. चौदा महिन्यांपूर्वी.’ खाली दहावा प्रश्न होता. ‘त्यानंतर काय केले?’ आणि पुढे एक रेघ.

तिला आता कितीतरी शब्द येत होते. त्या रेघेवर बसतील असे, कुणालाही न दुखवणारे, चांगले दहा-बारा शब्द. तिने पेन खाली ठेवलं. मग तिने सासूच्या खांद्याला हात लावला. आजीने तोंड वळवलं.

‘‘आई, तुम्ही सांगितलं होतं. मी तुम्हाला गप्प बसवलं. तसंच लिहिते.’’

आजीने तिच्या ओठांवरून ते सगळं वाचलं. ती ‘असू दे’ म्हणाली नाही, आणि सूनही त्याची वाट बघत नव्हती. आजी ठमीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

‘‘मी तरी कुठे परत बोलले?’’ ती म्हणाली. ‘‘मला दिसत होतं रोज. तिला उचलून मी एकटी इथे आणू शकले असते. पण तू मला बहिरी म्हणालीस ना, तो राग होता मला. म्हटलं, बघू दे हिचं हिला. पोरीचे चौदा महिने मी माझ्या रागापायी घालवले. तेही लिही.’’

फॉर्मवर रेघ एकच होती. ठमीच्या आईने कागद आडवा केला आणि समासात, वळणं न देता, सरळ अक्षरांत दोघींचंही लिहिलं.